कोविड महामारी आणि एचआयव्ही व लैंगिक आरोग्य कार्यक्रम : काय थांबले, काय बदलले आणि आज कोणत्या सेवा मिळतात

प्रस्तावना

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी लाखो लोकांची एआरटी औषधे, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या गोळ्या, घरात मोजक्याच शिल्लक होत्या. कोणाची गर्भावस्थेतील तपासणी बाकी होती, कोणाला सुरक्षा क्लिनिकमध्ये दुसऱ्यांदा दाखवायचे होते, तर कोणाच्या दीड महिन्याच्या बाळाची एचआयव्ही चाचणी ठरलेली होती. कोविडला आळा घालण्यासाठी प्रवास बंद झाला, पण इतर आजार थांबले नाहीत.

एचआयव्ही आणि लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांच्या प्रतिबंधासाठी चालणाऱ्या शासकीय कार्यक्रमांवर महामारीचा काय परिणाम झाला, त्या काळात कोणत्या सोयी सुरू झाल्या आणि ज्यांची औषधे किंवा तपासण्या तेव्हा सुटल्या त्यांनी आता काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

कार्यक्रमाची ओळख

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. तो राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको आणि प्रत्येक राज्यातील एड्स नियंत्रण संस्था यांच्यामार्फत चालवला जातो. नॅकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ०.२१ टक्के होते. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, सुमारे ३.९४ लाख होती.

कार्यक्रमातील मुख्य सेवा अशा आहेत :

• एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी : येथे एचआयव्ही चाचणी व समुपदेशन मोफत होते.
• एआरटी केंद्र व लिंक एआरटी केंद्र : येथे उपचाराची औषधे व आवश्यक तपासण्या मोफत मिळतात. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू आहे. २०१७ पासून चाचणी पॉझिटिव्ह आली की सीडी-४ किती आहे याची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात.
• सुरक्षा क्लिनिक : सिफिलिस, गोनोरिया, जननमार्गातील जखमा, स्राव इत्यादी तक्रारींवर येथे तपासणी व उपचार होतात.
• लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प : देहविक्रय करणाऱ्या महिला, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती, इंजेक्शनद्वारे नशा करणारे, स्थलांतरित कामगार व ट्रकचालक यांच्यापर्यंत स्वयंसेवी संस्थांमार्फत निरोध, सुया, चाचणी व उपचार पोहोचवले जातात.

या सगळ्या सेवा ‘माणूस केंद्रावर येईल’ किंवा ‘कार्यकर्ता वस्तीत जाईल’ या दोन गोष्टींवर उभ्या होत्या. टाळेबंदीने एकाच वेळी दोन्ही बंद केल्या.

महामारीचा परिणाम कसा झाला

१. केंद्रापर्यंत पोहोचणे अवघड झाले. बहुतेक एआरटी केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांत व जिल्हा रुग्णालयांत आहेत. त्यांतील अनेक रुग्णालये कोविडसाठी राखीव झाली. बस व रेल्वे बंद होत्या. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जाण्यासाठी पास लागत होता आणि पास मागताना कारण सांगावे लागत होते. ज्यांनी आपला आजार घरातही सांगितलेला नव्हता त्यांच्यासाठी नाक्यावर कारण सांगणे प्रवासाहून कठीण होते. आजार उघड होईल या भीतीनेही औषधे सुटू शकतात, हे अशा वेळी स्पष्ट होते.

२. चाचण्या कमी झाल्या. चाचणी केंद्रांतील तंत्रज्ञ, समुपदेशक व आरोग्य कर्मचारी कोविडच्या कामाला लागले. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरली जाणारी सीबीनॅट व ट्रूनॅट यंत्रे कोविड चाचणीसाठीही वापरली गेली. हे फक्त भारतात घडले नाही. ग्लोबल फंड ज्या देशांना मदत करतो, तेथे २०२० मध्ये एचआयव्ही चाचण्या २०१९ च्या तुलनेत २२ टक्क्यांनी घटल्या आणि प्रतिबंधक सेवा मिळालेल्या लोकांची संख्या ११ टक्क्यांनी कमी झाली.

३. क्षयरोगाचे निदान मागे पडले. एचआयव्हीबाधित व्यक्तीसाठी क्षयरोग हा सर्वात धोकादायक जोडआजार आहे. भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८.०५ लाखांवर आली, म्हणजे सुमारे २५ टक्के घट झाली. क्षयरोग कमी झाला असा याचा अर्थ नाही. खोकला असलेले लोक तपासणीपर्यंत पोहोचले नाहीत, किंवा कोविडच्या भीतीने खोकला लपवून घरी थांबले.

४. औषधे व निरोध यांचा पुरवठा विस्कळीत झाला. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२० मध्ये इशारा दिला की महामारीमुळे ७३ देशांत एचआयव्हीची औषधे संपण्याचा धोका आहे. जगातील बरीच एआरटी औषधे भारतात तयार होतात. त्यामुळे येथील कारखाने व मालवाहतूक यांच्या अडचणींचा परिणाम इतर देशांपर्यंत गेला. निरोधांबाबतही असेच झाले. जगातील सुमारे पाचवा हिस्सा कंडोम बनवणारी मलेशियातील कारेक्स कंपनी मार्च २०२० मध्ये तेथील टाळेबंदीमुळे काही दिवस बंद होती.

५. कुटुंबनियोजन सेवा थांबल्या. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार महामारीच्या पहिल्या वर्षात ११५ देशांतील सुमारे १ कोटी २० लाख महिलांच्या गर्भनिरोधक सेवेत खंड पडला. त्यातून सुमारे १४ लाख नको असलेल्या गर्भधारणा झाल्या.

६. रोजगार गेला. देहविक्रयावर पोट असलेल्या महिला, बाजारात मागून जगणाऱ्या तृतीयपंथी व्यक्ती आणि रोजंदारीवरचे कामगार यांचे उत्पन्न एका दिवसात बंद झाले. एआरटीच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात. घरात धान्य नसेल तर गोळीकडे लक्ष राहत नाही. म्हणून या काळात शिधा मिळणे हा उपचाराचाच भाग ठरला.

आकडा कमी दिसला म्हणजे आजार कमी झाला का?

नाही. २०२० मध्ये एखाद्या केंद्रात एचआयव्ही किंवा सिफिलिसचे नवे रुग्ण कमी सापडले असतील, तर आधी तेथे चाचण्या किती झाल्या हे पाहावे लागते. चाचणी झाली नाही तर आजार नोंदीत येत नाही, पण शरीरात राहतो. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. त्यामुळे ‘बरे झाले’ असे वाटते, पण जंतू शरीरात राहतात. गर्भवती महिलेला सिफिलिस असेल आणि उपचार झाले नाहीत तर गर्भपात, मृत बाळ जन्मणे किंवा बाळाला जन्मतः सिफिलिस होणे असे धोके असतात. त्या काळात चाचणी सुटली असेल, तर ‘आता त्रास नाही’ म्हणून ती टाळू नये.

सेवा चालू ठेवण्यासाठी केलेले बदल

• अनेक महिन्यांची औषधे एकदम : पूर्वी बहुतेकांना दर महिन्याला केंद्रावर जावे लागे. टाळेबंदीच्या सुरुवातीलाच नॅकोने साठा पाहून तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम देण्याच्या सूचना दिल्या. फेऱ्या कमी झाल्या, केंद्रातील गर्दी कमी झाली आणि प्रवासखर्च वाचला.

• औषधे वस्तीपर्यंत : जे केंद्रावर येऊ शकत नव्हते त्यांना लिंक एआरटी केंद्रांतून, विहान काळजी व आधार केंद्रांच्या कार्यकर्त्यांमार्फत आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांमार्फत औषधे देण्यात आली. अनेक ठिकाणी हे कार्यकर्ते स्वतः एचआयव्हीसह जगणारे होते. कोणाच्या घरी पिशवी द्यायची आणि कोणाला गावाबाहेर भेटायचे, हे त्यांना ठाऊक होते.

• जवळच्या केंद्रातून औषधे : टाळेबंदीत दुसऱ्या राज्यात अडकलेल्या व्यक्तींना ते जेथे होते तेथील एआरटी केंद्रातून औषधे देण्याची व्यवस्था करण्यात आली.

• घरी नेण्यासाठी ओएसटी : इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांना दिले जाणारे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध पूर्वी रोज केंद्रात, कर्मचाऱ्यांसमोर घ्यावे लागे. महामारीत ठरावीक दिवसांचे डोस घरी नेण्याची परवानगी देण्यात आली.

• दूरध्वनीवर सल्ला : २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. समुपदेशकांनी फोनवर पाठपुरावा सुरू केला.

• लसीकरणात प्राधान्य : १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील ज्या सहव्याधी असलेल्यांना कोविड लस देण्यात आली, त्या यादीत एचआयव्ही संसर्गाचा समावेश होता.

अन्न व आर्थिक मदत

• सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२० रोजी आदेश दिला की नॅकोने ओळख पटवलेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांना राज्यांनी कोरडा शिधा द्यावा आणि त्यासाठी ओळखपत्राचा आग्रह धरू नये. रेशनकार्ड नाही म्हणून शिधा नाही आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड नाही, अशी अनेकींची कोंडी होती. या आदेशाने ती काही प्रमाणात सुटली.
• महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी देहविक्रय करणाऱ्या महिलांना दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असलेल्यांना दरमहा आणखी २,५०० रुपये देण्याचा निर्णय घेतला.
• केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने तृतीयपंथी व्यक्तींना १,५०० रुपयांची निर्वाह मदत दिली.
• डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींना रेशनकार्ड व मतदार ओळखपत्र देण्याचे निर्देश दिले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने आधार कार्डाबाबत सांगितले की नॅकोतील राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक यांच्या प्रमाणपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता आधार द्यावे. कार्डावर व्यवसाय ओळखता येईल अशी कोणतीही खूण नसावी.

तात्पुरती मदत त्या वेळीच संपली. ओळखपत्रांबाबतचे आदेश मात्र आजही उपयोगी आहेत. ज्यांच्याकडे अजून कागदपत्रे नाहीत त्यांनी आपल्या भागातील लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्पाच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

आज मिळणाऱ्या सेवा व सवलती

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या काळासाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाला. नवे संसर्ग व एड्समुळे होणारे मृत्यू २०१० च्या तुलनेत ८० टक्क्यांनी कमी करणे आणि आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही व सिफिलिसचा संसर्ग संपवणे ही त्याची उद्दिष्टे आहेत. या टप्प्यात ‘संपूर्ण सुरक्षा केंद्र’ ही नवी सेवा सुरू झाली. ज्यांना एचआयव्ही नाही पण होण्याचा धोका आहे त्यांना तेथे चाचणी, समुपदेशन, लैंगिक आजारांवरील उपचार व इतर सेवांशी जोडणी एकाच ठिकाणी मिळते.

लाभार्थ्यांनी पुढील सवलतींची माहिती ठेवावी :

• एआरटी केंद्रावर उपचारासाठी जाणाऱ्या व्यक्तीला रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत ५० टक्के सवलत आहे. विहित नमुन्यातील प्रमाणपत्र केंद्रातून घ्यावे.
• दारिद्र्यरेषेखालील एचआयव्हीबाधित व्यक्तींची कुटुंबे अंत्योदय अन्न योजनेसाठी पात्र गटात येतात.
• क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्यांना निक्षय पोषण योजनेतून १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती.
• महाराष्ट्रात उत्पन्न व इतर अटी पूर्ण करणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तींना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ घेता येतो. अर्ज तहसील कार्यालयात करावा. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी तेथील योजनेबाबत एआरटी केंद्राच्या समुपदेशकाला विचारावे.

औषधे किंवा तपासणी सुटली असेल तर

१. आधी आपल्या एआरटी केंद्रात जा. किती दिवस खंड पडला ते खरे सांगा. उपचार नाकारले जात नाहीत. खंड पडलेले लोक केंद्रात रोज येतात आणि त्यांच्यासाठी ठरलेली पद्धत आहे.

२. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. खंड मोठा असेल तर डॉक्टर आधी क्षयरोग व इतर आजारांची तपासणी करतात आणि कोणती औषधे द्यायची ते ठरवतात. राहिलेले डोस भरून काढण्यासाठी दुप्पट गोळ्या कधीही घेऊ नका.

३. व्हायरल लोड चाचणी करून घ्या. औषधे काम करीत आहेत की नाहीत हे त्यातून कळते. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ती मोफत केली जाते. औषधे नियमित घेऊन व्हायरल लोड सापडण्याच्या पातळीखाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. इतर लैंगिक आजार टाळण्यासाठी निरोध वापरावाच.

४. बाळाच्या चाचण्या पूर्ण करा. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात होते आणि अंतिम निदान दीड वर्षाचे झाल्यावर केले जाते. मधली एखादी चाचणी राहिली असेल आणि मूल आता मोठे असेल, तरी ती करून घेणे आवश्यक आहे. मूल ठणठणीत दिसते म्हणून ती सोडू नका.

५. जोडीदारालाही तपासणीसाठी न्या. एकाचाच उपचार झाला तर सिफिलिस किंवा गोनोरिया पुन्हा होऊ शकतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : माझी नोंद कोल्हापूरच्या एआरटी केंद्रात आहे. आता मी कामासाठी सुरतला राहतो. औषधांसाठी दरवेळी गावी जावे लागेल का?
उत्तर : नाही. कायम राहणार असाल तर जुन्या केंद्रातून नोंद नव्या केंद्रात हलवून घ्या. थोड्या दिवसांसाठी गेला असाल तर रुग्ण-पुस्तिका घेऊन जवळच्या एआरटी केंद्रात जा. पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवल्यास अडचणीच्या वेळी उपयोग होतो.

प्रश्न : तीन महिन्यांची औषधे मला मिळतील का?
उत्तर : प्रकृती स्थिर असेल, औषधे नियमित घेत असाल आणि केंद्रात साठा असेल तर मिळू शकतात. निर्णय डॉक्टर घेतात. शेवटची गोळी संपण्याची वाट न पाहता किमान एक आठवडा आधी केंद्रावर जावे.

प्रश्न : माझा आजार इतरांना कळेल का?
उत्तर : एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही. कायद्यात सांगितलेले अपवाद वगळता कोणाचीही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, घर किंवा उपचार यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करण्यास मनाई आहे. १०० किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेत २० किंवा अधिक व्यक्ती असल्यास, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्याच्या लोकपालाकडेही तक्रार करता येते.

प्रश्न : लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा रुग्णालयात काम करताना सुई टोचली असेल तर काय करावे?
उत्तर : लगेच शासकीय रुग्णालयात जा. संसर्ग टाळणारी औषधे जितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. या औषधांसाठी पोलीस तक्रारीची वाट पाहू नका.

प्रश्न : पुन्हा अशी साथ, पूर किंवा संचारबंदी आली तर?
उत्तर : या गोष्टी आधीच तयार ठेवा : दोन आठवड्यांचा जादा औषधसाठा मिळेल का याची केंद्रात विचारणा, समुपदेशकाचा फोन क्रमांक, जवळच्या दुसऱ्या एआरटी केंद्राचा पत्ता आणि औषधांची नावे लिहिलेला कागद. वाटेत अडवले गेल्यास ‘रुग्णालयातून नियमित औषधे आणायची आहेत’ एवढे सांगणे पुरेसे आहे. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही.

संपर्क

राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक १०९७ आहे. हा फोन मोफत आहे आणि नाव सांगणे बंधनकारक नाही. जवळचे चाचणी केंद्र, एआरटी केंद्र किंवा सुरक्षा क्लिनिक कोठे आहे, औषधे सुटल्यास काय करावे आणि भेदभावाची तक्रार कोठे करावी, याची माहिती येथे मिळते. गावातील आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा रुग्णालयातील आयसीटीसी येथेही चौकशी करता येईल. योजनांच्या रकमा व अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी संबंधित कार्यालयातून खात्री करून घ्यावी.